आजीचा डबा, मुंगीचा डबा

“बाळाची वाटी आणि आजींची वाटी वेगळी ठेवा बरं का,” दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. “आत्ता दोन्हींत सारखाच लगदा दिसेल. पण एकीला वाढायचंय आणि एकीला घटायचंय, आणि हे वाटीला कळत नसतं.”

सूनबाई हसली आणि तिने पुढचा प्रश्न विचारला. घरात मिक्सर एक, तिचे हात दोन, आणि भोपळा तर तोच. शिवाय तिच्यासारख्या बाईला सावध राहायला कुणी सांगावं? बाळ दुपारी झोपलं की ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघायची, आणि चालू असला की फार भराभर तर चालत नाही ना, याची काळजी करत बसायची. अशा बाईच्या घरात वाट्यांची अदलाबदल होणं तिला शक्यच वाटत नव्हतं.

गंमत अशी की त्या घरातल्या दोन माणसांनी एकाच आठवड्यात जेवायला शिकायला सुरुवात केली होती.

पहिली म्हणजे मुंगी. ही सूनबाईची लेक, सहा महिन्यांची. दुधावरून नुकतीच भाज्यांच्या लगद्यावर आलेली. दुसऱ्या म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी जठर कापून एवढंसं करून ठेवलं होतं, आणि नळीतून ओढता येईल अशा पातळ आहारावरून आता त्याही लगद्यावर आल्या होत्या.

सासूबाईंची बाजारात, जिन्याखाली, किल्ल्या बनवायची टपरी होती. सगळा बाजार त्यांना चावीवाल्या बाई म्हणायचा. कुठलंही कुलूप कानाशी धरून त्या दोनदा हलवायच्या आणि आत काय बिघडलंय ते सांगायच्या. पण वजन असं वाढत गेलं की टपरीत शिरणं हीच एक कसरत झाली. आधी एक खांदा, मग श्वास आत, मग दुसरा खांदा. पुढे गुडघे गेले, मग साखर आली, आणि एक दिवस किल्लीचे दातरे त्यांना धूसर दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, साखर अशीच राहिली तर डोळे आणि बोटं दोन्ही जातील. गुडघ्यांचं बाईंनी हसण्यावारी नेलं होतं. डोळ्यांचं ऐकल्यावर मात्र घरी येऊन म्हणाल्या, “कापू द्या पोट. पोट काय, किल्ल्या थोडीच बनवतं.”

तर अशा या दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायच्या. मुंगी तिच्या उंच खुर्चीत, सासूबाई साध्या खुर्चीत. दोघींच्या हातात सशाचं चित्र असलेले गुलाबी चमचे, कारण आहारतज्ज्ञ बाईंनी चमचा लहान घ्यायला सांगितला होता आणि घरात लहान चमचे तेवढेच होते. घास घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा, घोळवत राहायचं, गिळायचं, मगच चमच्याला हात लावायचा. जेवताना पाणी नाही. पाणी जेवणानंतर चांगल्या अर्ध्या तासाने, तेही घोट घोट. पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं, वाटीत एक चमचा उरला असला तरी.

“आम्ही दोघी एकाच इयत्तेत,” सासूबाई शेजाऱ्यांना सांगायच्या. “फक्त ती पुढे जाणार आणि मी नापास होत राहणार.”

सूनबाईचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. तो म्हणायचा, “आई, लिफ्टमध्ये कसं लिहिलेलं असतं, किती माणसं चढवायची ते. तशी एक पाटी तुझ्या पोटावर लावू.”

“लाव. आणि तुझ्या तोंडावरही एक लाव, दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणून.”

वजन उतरायला लागलं. सासूबाई टपरीत सरळ शिरायला लागल्या, दोन्ही खांद्यांसकट. साखर खाली आली. सकाळी त्या बाजाराला वळसा घालून चालायच्या, आणि चालणं कंटाळवाणं होऊ नये म्हणून वाटेतल्या प्रत्येक बंद दुकानाची कुलपं बघत जायच्या. गोळ्यांचा डबा, जीवनसत्त्वांचा, जो आता जन्मभर सोबत असणार होता, तो त्यांनी टपरीत किल्ल्यांच्या आकड्यावरच अडकवला. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, “बाई, ओळखूच आला नाहीत.” बाई म्हणायच्या, “मग उधारी चुकवायला बरं झालं.”

मुंगीला दात आले तेव्हा सूनबाई पुन्हा कामावर जायला लागली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. सकाळी घर आवरायचं, दोन डबे भरायचे, मुंगीला आजीच्या टपरीत सोडायचं आणि दुकान गाठायचं, असा क्रम बसला. टपरीत मुंगीसाठी एक जाळीचं कुंपण केलं होतं. आत खेळायला जुन्या किल्ल्यांचा घोस होता, तो सूनबाई रोज उकळत्या पाण्यातून काढून द्यायची.

डबे मात्र आता अगदी वेगळे झाले होते. आजींच्या डब्यात उकडलेलं अंडं, वाफवलेल्या माशाचा तुकडा, मऊ शिजवलेल्या शेंगा, गाजराचे बारीक तुकडे. प्रथिनं आधी, बाकीचं नंतर. मुंगीच्या डब्यात लगदा. मुंगी सव्वा वर्षाची झाली होती, तोंडात चांगले आठ दात होते, पण सूनबाईचा काही धीर होत नव्हता. तुकडा घशात अडकला तर? तिने कुठेतरी वाचलं होतं. ती नेहमीच कुठेतरी वाचायची. म्हणून सगळं मिक्सरमधून जात राहिलं.

आणि मग मुंगीचं वजन वाढायचं थांबलं.

“घाबरण्यासारखं काही नाही,” वजन घेणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या. “पण काटा जिथल्या तिथे आहे. खाते ना नीट?”

“डबा चाटूनपुसून रिकामा येतो हो.”

“मग थोडं लोणी घालत जा. पिकलेलं केळं कुस्करा. बटाटा घाला.”

सूनबाईने लोणी घातलं. पुढच्या खेपेला काटा तिथेच. तिने लोणी वाढवलं, साय घातली. डबा रोज लख्ख रिकामा. मुंगी चांगली हसतखेळत होती, धावत होती, वस्तू फेकत होती, पण काटा काही हलेना. सूनबाईच्या डोळ्यांपुढे नाना आजार नाचायला लागले. दुकानात ती गिऱ्हाईकाला “खालची ओळ वाचा” म्हणायची आणि तो वाचत असताना स्वतः मनात आजारांची नावं वाचत राहायची.

“तू तिला खाताना बघतेस का, आई?” नवऱ्याने एका संध्याकाळी सासूबाईंना विचारलं.

“बघते की. पोरगी छान जेवते,” सासूबाई म्हणाल्या. त्यात तसं काहीच खोटं नव्हतं.

त्याच सुमारास न्हाणीघरातला वजनकाटा कपाटाखाली गेला. सूनबाईने विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, त्याची बॅटरी संपलीय. तपासणीची तारीख आली तर म्हणाल्या, टपरीत गर्दी आहे. सकाळचं चालणं कधी पायात काटा म्हणून, कधी आभाळ आलंय म्हणून राहू लागलं. सूनबाईचं या सगळ्याकडे लक्ष गेलं नाही असं नाही, पण तिचं सगळं लक्ष आठ दात आणि न हलणारा एक काटा यांनी अडवून ठेवलं होतं. सासूबाई काय, बारीक झाल्याच होत्या. ते काम झालेलं होतं.

मग एके दिवशी चष्म्याच्या दुकानातले दिवे गेले. अंधारात कुणाचे डोळे तपासणार? मालकांनी सगळ्यांना लवकर सोडलं. सूनबाई वाटेत केळी घेऊन थेट टपरीपाशी आली आणि गिऱ्हाईकांपुढच्या फळीवरून आत डोकावली.

मुंगी जाळीला धरून उभी होती. तोंड चालू होतं. एका हातात माशाचा तुकडा, दुसऱ्या हातात गाजर. तिच्या पायाशी आजींचा डबा उघडा पडलेला. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, मांडीवर मुंगीचा डबा, हातात सशाचा चमचा. डब्यात लोणी घातलेला बटाटा जवळजवळ तळाला गेलेला.

सूनबाईने सगळ्यात आधी जे केलं ते कुठल्याही आईने केलं असतं. तिने फळी उचलली, आत शिरली आणि मुंगीच्या तोंडात बोट घातलं. मुंगी चावली. आठही दात अगदी व्यवस्थित काम करत होते.

“आई, हा मुंगीचा डबा आहे.”

सासूबाईंच्या तोंडात घास होता. चावायला त्यात काहीच नव्हतं, तरी त्या बराच वेळ चावत राहिल्या.

“हो,” शेवटी त्या म्हणाल्या.

“आणि ती तुमचा खातेय.”

“तिनेच घेतला गं. तुझ्या लगद्याला ती थूः करते. माझ्या डब्यात हात घालते. मी काय, पोरीच्या हातातला घास ओढून घेऊ?”

“कधीपासून?”

“तू कामाला जायला लागलीस ना, त्याच आठवड्यापासून.”

सूनबाई केळ्यांच्या पिशवीवरच बसली. तिच्या डोक्यात सगळे आकडे आपोआप आपापल्या जागी जाऊन बसले. मोजून मापून, चरबी काढून, एवढुशा पोटासाठी भरलेला डबा खाऊन तिची लेक दिवसभर धावत होती. आणि वाढत्या बाळासाठी लोणी, साय, केळं घातलेला डबा...

“आई, मी त्यात लोणी घालते. दर आठवड्याला जास्त घालते.”

“कळतं ना,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “छान लागतं.”

सूनबाईला हसू आलं. ते तिने दाबलं, पण ते नाकातून बाहेर पडलं. सासूबाईही हसल्या. मुंगीला कारण लागत नव्हतं, तीही हसली आणि तिने गाजर फेकलं. मग सूनबाईने नीट बघितलं. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढुरके, आणि एक हात छातीवर.

“काय होतंय?”

“काही नाही. जेवल्यावर होतं असं. धडधडतं, गरगरतं, थोड्या वेळाने जातं. टपरीत उकडतं ना.”

“उकडत नाहीये आई. मी स्वेटर घालून आलेय.”

सासूबाईंनी चमचा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि झाकणाकडेच बघत बोलायला लागल्या. सूनबाई कामाला जायला लागली त्याच आठवड्यात एक माणूस मोटारीची किल्ली करून घ्यायला आला होता, फार घाईत. त्यांच्या तोंडात अंड्याचा घास होता. चमचा खाली ठेवायचा, चावत राहायचं, हे सगळं त्यांना येत होतं, पण तो समोर उभा राहून फळीवर बोटं वाजवत होता. त्यांनी घास तसाच गिळला आणि तो मध्येच अडकला. खाली जाईना, वर येईना. छातीत कुणी पाना फिरवतंय असं वाटलं. माणूस म्हणत राहिला, बाई, होतेय का किल्ली? आणि त्यांना वाटलं, आता इथेच, या स्टुलावर, हातात कुणाची तरी किल्ली घेऊन आपण संपणार.

“शेवटी उलटून पडलं. किल्लीही करून दिली त्याला. पण तेव्हापासून अंडं दिसलं की घसा बंद होतो. मासा तसाच. हे तुझं मऊमऊ आपोआप उतरतं. भरल्यासारखं वाटतच नाही, त्यामुळे डबाभर जातं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं. कुणी विचारलं असतं तर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण गेलं. “सुरुवातीला दारातून येणारा प्रत्येक जण विचारायचा, आज काय गेलं पोटात, किती गेलं, उलटी झाली का. तू तर दोन्ही वाट्या दिव्याखाली धरून बघायचीस. मग मी बारीक झाले आणि सगळे म्हणाले, वा. वा म्हटल्यावर पुढे कोण काय विचारणार? आता विचारतात, मुंगीचं वजन किती. बरोबरच आहे. तिचं वय आहे ते विचारण्याचं.”

मग त्यांनी फळीवरची एक किल्ली उचलली आणि डोळ्यांपासून लांब धरली. “परवा हे दातरे पुन्हा जरासे पुसट दिसले गं. दिव्याचा दोष असेल म्हटलं.”

सूनबाई डोळे तपासणारी होती. दिव्याचा दोष नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने मुंगीला काखेत घेतलं, टपरीचं शटर खाली ओढलं आणि म्हणाली, “चला.”

“गिऱ्हाईकं येतील.”

“येऊ देत. कुलपं कुठे पळून जात नाहीत.”

दवाखान्यात साखर तपासली. चढली होती, पण हाताबाहेर गेली नव्हती. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आत बघितलं. वाट कुठेही अरुंद झालेली नव्हती. अडकला होता तो घाईचा घास. पोट ठीक होतं, भीती मात्र राहिली होती. जेवल्यावरची धडधड गोड आणि लोण्याच्या लगद्याची होती. त्या मऊ पदार्थांचं असंच असतं, आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ते न थांबता सरकत जातात, पोटाला ‘पुरे’ म्हणायला वेळच मिळत नाही. म्हणून तर घट्ट, चावावं लागणारं अन्न हवं. मुंगीकडे बघून त्या म्हणाल्या, “आणि हिला आता मिक्सर बंद. मऊ शिजवून बोटभर तुकडे द्या, समोर बसून खाऊ द्या, आणि लोणी तिच्या तुकड्यांना लावा.”

“अडकलं तर?” दोन बायकांनी एकदमच विचारलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी आळीपाळीने दोघींकडे बघितलं. त्या टेबलाभोवती निर्धास्त फक्त मुंगी होती, आणि ती टेबलाची कड चाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईने जेवणाची सुट्टी टपरीत घ्यायला सुरुवात केली. चष्म्याच्या दुकानापासून चालत आलं की तिला धाप लागायची, पण तिघी एकत्र जेवायच्या. शटर अर्धं खाली, त्याच्यावर पुठ्ठ्याची पाटी: जेवण चालू आहे.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी मसुरीएवढा अंड्याचा तुकडा उचलला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, एखाद्या अनोळखी कुलपाकडे बघावं तशा. तेवढ्यात शटरखालून एक डोकं वाकून आत आलं.

“बाई, माझं दार आतून लागलंय हो.”

“पाटी वाचा,” सूनबाई म्हणाली.

“वाचली. पण माझंही जेवण कुलपाच्या आतच आहे.”

सासूबाईंचा हात खाली यायला लागला. सूनबाईने तो धरला नाही. ती फक्त त्या गृहस्थांकडे वळली आणि त्यांच्या हातात एक केळं दिलं. “बसा तिथे. हळूहळू खा.”

सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला. चमचा खाली ठेवला. चावलं. पुन्हा चावलं. मुंगीने त्यांच्याकडे बघत तोच प्रकार सुरू केला, गाल फुगवून, गंभीरपणे, तोंडात काही नसताना. बाहेर ते गृहस्थ केळं चावत होते. सगळी टपरी चावत होती. मग सासूबाईंनी डोळे मिटले आणि गिळलं.

सूनबाईने श्वास धरून ठेवला होता. मुंगीच्या नाकापुढे बोट धरताना धरायची, तसाच.

“गेलं,” सासूबाई म्हणाल्या.

“दुखलं?”

“नाही. अंडं अळणी झालंय तेवढं.”

त्या दिवशी त्या आणखी चार-पाच तुकडे खाऊन थांबल्या. मग हात पुसले, आपणहून गोळी घेतली आणि त्या गृहस्थांबरोबर त्यांचं दार उघडायला चालत निघाल्या, रिक्षा न करता. तसं सगळं एका दिवसात सुतासारखं सरळ झालं नाही. मासा घशाखाली उतरायला बराच काळ गेला, आणि सूनबाईने मुंगीचे तुकडे इतके बारीक कापले की नवरा म्हणाला, हे भिंगातून खायचे आहेत का. पण वजनकाटा कपाटाखालून बाहेर आला, आणि त्याची बॅटरी अगदी ठणठणीत निघाली. मुंगीचा काटा हलला. सासूबाईंचाही हलला, उलट्या दिशेने, सावकाश.

दवाखान्यात ऑपरेशन झालेल्या लोकांची महिन्याला एक बैठक भरायची. सासूबाई आधी तिकडे फिरकल्या नव्हत्या. बारीक माणसं बसून अन्नाबद्दल बोलतात, त्यात काय बघायचं, म्हणायच्या. आता सूनबाई त्यांना घेऊन गेली आणि मागच्या खुर्चीवर मुंगीला घेऊन बसली. आल्या आल्या तिला एक गोष्ट दिसली. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांनी खोली भरली होती. ज्यांना वर्ष-दोन वर्षं झाली होती, त्यांच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

“ते सगळे बरे झाले असतील,” कुणीतरी म्हणालं.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “ते लगदा खात असतील.”

त्यांनी त्यातल्या एकीचा, शिंपीणबाईंचा, फोन नंबर मागून घेतला आणि तिथेच बाहेर जाऊन फोन लावला. वजनाचं एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, “आज दुपारी काय गेलं पोटात, आणि कोण होतं बरोबर?”  मग शिंपीणबाई बोलायला लागल्या, आणि सूनबाईला मुंगीला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या तीनदा चढून उतराव्या लागल्या, तरी त्यांचं बोलणं संपलं नाही.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. मावशी, दीर, कामावरचा सोबती, वरच्या मजल्यावरची बाई. ऑपरेशन झालं, वजन उतरलं, सगळ्यांनी वा म्हटलं, आणि मग विचारायचं राहून गेलं. त्यांना आज फोन करा. जमलं तर जेवणाच्या वेळेला जाऊन त्यांच्यासमोर बसा, आणि आधी तुम्हीच चमचा खाली ठेवा.